स्फटिकांतील न ढळणारे आकडे



ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचे नाव पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहेच. इंदुरातल्या आपल्या शाळेत आपण सगळे त्यांना नुसते 'सर' म्हणत होतो, आणि आजही मी तसेच म्हणणार आहे. विज्ञानाच्या तासाला सरांचा एक नियम होता. प्रयोगाच्या वहीत खोडरबर चालत नसे. वाचन चुकले असे वाटले तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी कारण लिहायचे. आम्हां मुलांना हा जाच वाटे. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाचे उत्तर पुस्तकाप्रमाणे येण्यासाठी वीस दोलनांचा काळ थोडा इकडेतिकडे करणे ही आमच्या वर्गातली सर्वमान्य रीत होती. सरांना ते बरोबर कळत असे. "उत्तर पुस्तकात आहेच, तुझ्या वहीत तू काय पाहिलेस ते हवे," एवढेच ते म्हणत.

आजच्या विषयाचे शास्त्रीय नाव ऐकून कोणी बिचकू नये. स्फटिकी पदार्थांतील विद्युत् व चुंबकी गुणधर्मांमध्ये टोपॉलॉजी कशी शिरली, असा हा विषय आहे. टोपॉलॉजी ही गणिताची शाखा. मराठीत तिला संस्थितिविज्ञान म्हणतात. बोलताना मात्र मी रुळलेला शब्दच वापरीन. या विषयाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहताना मला सरांची ती आडवी रेघ वारंवार आठवते. का, ते पुढे येईलच.

सुरुवात अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात करू. 1879 साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल नावाचा एक तरुण विद्यार्थी मॅक्सवेलचा विद्युत् व चुंबकत्वावरचा ग्रंथ वाचत होता. चुंबकी क्षेत्रात ठेवलेल्या तारेवर जे बल लागते ते तारेवर लागते, तारेतून वाहणाऱ्या प्रवाहावर नव्हे, अशा आशयाचे विधान त्यात होते. हॉलला ते पटेना. प्रवाहावर बल लागत असेल तर प्रवाह एका बाजूला रेटला जाईल, आणि पट्टीच्या दोन कडांमध्ये थोडासा विद्युत् दाब निर्माण होईल. जाड पट्टीवर काही दिसले नाही. मग त्याचे प्राध्यापक रोलंड यांच्या सूचनेवरून त्याने काचेवर सोन्याचा वर्ख चिकटवला, आणि ऑक्टोबर 1879 मध्ये गॅल्व्हानोमीटरचा काटा हलला. आज प्रत्येक महाविद्यालयात शिकवला जाणारा 'हॉल परिणाम' तो हाच. त्या वेळी इलेक्ट्रॉनचा शोधही लागायचा होता, हे ध्यानात घ्यावे.

याच हॉलने पुढच्या एकदोन वर्षांत लोखंड, निकेल आणि कोबाल्ट यांवर तोच प्रयोग केला. लोखंडात हा दाब सोन्याचांदीपेक्षा सुमारे दसपट मोठा निघाला, आणि तो बाहेरच्या चुंबकी क्षेत्राच्या प्रमाणात न वाढता लोखंडाच्या स्वतःच्या चुंबकनाबरोबर चालतो असे दिसले. याचा अर्थ हॉलला ठाऊक नव्हता, आणि असण्याचे कारणही नव्हते. त्याने आकडे छापले आणि तो पुढे गेला. 1954 साली कार्प्लस आणि लुटिंजर यांनी त्यावर एक उपपत्ती मांडली; तिच्यावर अनेक वर्षे वाद झाला. तिच्यामागचा भूमितीय अर्थ नीट उलगडला तो 2000 सालानंतर. म्हणजे एका पदवी-विद्यार्थ्याच्या वहीतला आकडा सव्वाशे वर्षे अर्थाची वाट पाहत बसला होता.

आता एकदम शंभर वर्षे पुढे येऊ. 1980 च्या फेब्रुवारीत, 4 आणि 5 तारखांमधल्या रात्री, फ्रान्समधील ग्रनोब्ल येथील प्रयोगशाळेत क्लाउस फॉन क्लिट्झिंग हे जर्मन शास्त्रज्ञ हॉलचाच प्रयोग करीत होते. सोन्याच्या वर्खाऐवजी सिलिकनचा ट्रान्झिस्टर होता. त्यातले इलेक्ट्रॉन एका अतिशय पातळ थरात कोंडलेले असतात. तापमान निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, आणि चुंबकी क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या काही लाख पट. हॉलचा रोध सरळ चढत्या रेषेत वाढायला हवा होता. तो जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांनी वाढला. प्रत्येक पायरीची उंची म्हणजे 25,812.807 ओहम या एका राशीला 1, 2, 3, 4 अशा पूर्णांकाने भागून आलेला आकडा. ही राशी केवळ दोन मूलभूत स्थिरांकांनी ठरते, प्लांकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा भार. नमुना कोणी बनवला, त्याची लांबीरुंदी किती, तो किती शुद्ध आहे, याचा तिच्याशी काही संबंध नाही. त्या रात्रीच्या टिपणाचे पान त्यांच्या नोबेल व्याख्यानात छापलेले आहे. ते पाहण्यासारखे आहे. नोबेल पारितोषिक त्यांना 1985 साली मिळाले.

इथे थोडे थांबले पाहिजे. आम्ही प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेली माणसे एक गोष्ट गृहीत धरून चालतो: नमुना जितका शुद्ध तितका आकडा अचूक. इथे नमुना मळका आहे, वेडावाकडा आहे, आणि उत्तर मात्र अब्जांशापर्यंत बिनचूक. इतकेच नव्हे, तर पायऱ्या रुंद आणि स्पष्ट दिसतात त्या त्या मळामुळेच. अगदी निर्मळ नमुन्यात त्या दिसल्या नसत्या. असे का व्हावे?

याचे उत्तर घरातल्या तांब्यात आहे. नवा कोरा तांब्या घ्या. त्याच्या पृष्ठभागाला प्रत्येक ठिकाणी काही ना काही वक्रता आहे. पोटाशी फुगीर, गळ्याशी खोगिरासारखी. ही सगळी वक्रता, आतली, बाहेरची आणि काठावरची, चिन्हासकट बेरजेत घेतली तर एक ठरावीक आकडा येतो. आता तो तांब्या हातातून पडला आणि त्याला पोचा आला. पोच्यापाशी वक्रता बदलली. पण पोच्याच्या तळाशी जितकी वाढली तितकीच कडेला कमी झाली, आणि एकूण बेरीज जशीच्या तशी राहिली. दहा पोचे येऊ द्या, बेरीज तीच. ती बदलायची असेल तर तांब्याला कान जोडावा लागेल, म्हणजे आरपार भोक असलेली वस्तू करावी लागेल. अर्धा कान जोडता येत नाही. म्हणून ती बेरीज बदलली तर उडीनेच बदलते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांपासून गणितज्ञांना हे ठाऊक होते. टोपॉलॉजी म्हणजे पोच्यांनी न बदलणाऱ्या अशा गोष्टींचे शास्त्र.

1982 साली डेव्हिड थाउलेस आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी दाखवले की फॉन क्लिट्झिंग यांचा पूर्णांक हा याच जातीचा आहे. फक्त इथे पृष्ठभाग धातूचा नाही. स्फटिकातला इलेक्ट्रॉन लाटेच्या रूपाने वावरतो. त्या लाटेला ज्या ज्या गती शक्य आहेत त्यांचा एक नकाशा काढता येतो. द्विमितीय स्फटिकात तो नकाशा बांगडीच्या पृष्ठभागासारखा स्वतःशीच जुळलेला असतो. त्या नकाशावर एक प्रकारची वक्रता पसरलेली असते आणि तिची बेरीज पूर्णांकच येते. नमुन्यातला मळ म्हणजे तांब्याचे पोचे. त्यांनी बेरीज ढळत नाही.

ही 'एक प्रकारची वक्रता' म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे ही फसवणूक होईल. त्यासाठी एक प्रवास करू. तुम्ही उत्तर ध्रुवावर उभे आहात. हातात भाला आहे आणि त्याचे टोक इंदूरच्या दिशेला आहे. भाला मुळीच फिरवायचा नाही अशी शपथ घेऊन 76 रेखांशावरून चालत निघा. सायबेरिया, हिमालय, आपले इंदूर, मग केरळ ओलांडून हिंदी महासागरात विषुववृत्तावर या. भाला दक्षिणेकडे रोखलेला आहे. आता भाला तसाच दक्षिणेकडे ठेवून विषुववृत्तावरून पूर्वेकडे 90 अंश चाला. पॅसिफिकमधल्या नाउरू बेटाच्या आसपास पोहोचाल. तिथून भाला न फिरवता सरळ उत्तरेला ध्रुवावर परत या. आता भाल्याचे टोक कोणीकडे आहे? नाउरूकडे. तुम्ही एकदाही भाला फिरवला नाही, पण तो 90 अंशांनी फिरला आहे. त्याला फिरवले ते पृथ्वीच्या गोलाईने, आणि किती फिरवले ते तुमच्या वाटेने वेढलेल्या क्षेत्रफळावरून ठरले. चालण्याच्या वेगाशी त्याचा संबंध नाही.

लाटेच्या बाबतीतही असेच घडते. एका फेऱ्यानंतर लाट मूळ स्थितीत येते, पण तिच्या कलेत, म्हणजे लाट शिखरावर आहे की दरीत या हिशेबात, काही फरक उरतो. हा फरक वाटेच्या भूमितीने ठरतो. त्याला आज बेरी कला म्हणतात, कारण ब्रिटनमधील ब्रिस्टलच्या मायकेल बेरी यांनी 1984 साली ती सर्वसाधारण रूपात मांडली. पण प्रकाशाच्या लाटेसाठी हीच गोष्ट 1956 साली बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेत, रंगीत स्फटिकांतून जाणाऱ्या ध्रुवित प्रकाशाचा अभ्यास करताना, शिवरामकृष्ण पंचरत्नम् या तरुणाने लिहून ठेवली होती. ते तेव्हा बावीस वर्षांचे होते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे भाचे. लेख इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात छापला गेला, आणि तीस वर्षे कोणी त्याचा हा अर्थ लावला नाही. 1986 साली रामशेषन् आणि राजाराम नित्यानंद यांनी 'करंट सायन्स'मध्ये त्याकडे लक्ष वेधले. बेरी यांनी पुढच्याच वर्षी स्वतंत्र लेख लिहून पंचरत्नम् यांचे अग्रत्व मोकळेपणाने मान्य केले. पण ते वाचायला पंचरत्नम् नव्हते. 1969 साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, ऑक्सफर्डमध्ये त्यांचे निधन झाले होते. मी पदव्युत्तर वर्गाला प्रकाशशास्त्र शिकवीत होतो आणि 1986 पर्यंत हे नावही ऐकले नव्हते, हे इथे कबूल करतो.

या गोष्टीतला पुढचा माणूस डंकन हॉल्डेन. फॉन क्लिट्झिंग यांच्या प्रयोगाला प्रचंड चुंबकी क्षेत्र लागले. हॉल्डेन यांनी 1988 साली कागदावर दाखवले की मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी रचनेच्या स्फटिकात, बाहेरचे क्षेत्र सरासरीने शून्य असतानाही, तोच पूर्णांक मिळू शकतो. असा पदार्थ प्रत्यक्षात मिळणे अवघड आहे, असेही त्यांनी त्याच लेखात प्रांजळपणे लिहिले. पंधरासोळा वर्षे तो लेख एक गणिती गंमत म्हणून पडून होता. 2005 साली पेनसिल्व्हेनियातल्या केन आणि मेले यांनी त्याला इलेक्ट्रॉनच्या स्पिनची जोड दिली. 2006 साली बर्नेविग, ह्यूज आणि झांग यांनी पारद टेल्युराइडचा पातळ थर घ्यावा असे सुचवले, आणि 2007 साली जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्ग येथे मोलेनकाम्प यांच्या गटाने तो परिणाम मोजला. या जातीच्या पदार्थांना टोपॉलॉजिकल निरोधक म्हणतात. पोटातून वीज वाहत नाही, कडेने वाहते.

कडेने का वाहावी? पदार्थाच्या आत एक पूर्णांक आहे, बाहेर हवेत दुसरा. एका पूर्णांकावरून दुसऱ्यावर हळूहळू सरकता येत नाही. मध्ये अर्धा कान नाही हे आपण पाहिलेच. निरोधकाचे निरोधकपण जिथे मोडते तिथेच हा बदल होऊ शकतो, म्हणजे कडेवर. म्हणून कड संवाहक असलीच पाहिजे. ती घासा, खरवडा, नवी कड तयार होईल आणि तीही संवाहकच असेल. मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटते ती ही गोष्ट.

पुढे 2008-09 मध्ये बिस्मथच्या त्रिमितीय स्फटिकांत असेच संवाहक पृष्ठभाग सापडले. यांतले बिस्मथ टेल्युराइड 1950 नंतरच्या दशकांपासून विजेवर चालणाऱ्या छोट्या शीतक पेट्यांत वापरले जात होते! पदार्थ हाताशी होता, प्रश्न नव्हता. हे पृष्ठभाग ओळखण्याची मुख्य रीत म्हणजे स्फटिकावर प्रकाश टाकून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा व दिशा मोजणे. तत्त्व आइन्स्टाइनच्या प्रकाशविद्युत् परिणामाचेच. त्यासाठी लागणारा तीव्र प्रकाश देणारी इंडस-१ आणि इंडस-२ ही सिंक्रोट्रॉन यंत्रे आपल्या शहरातच आहेत. केंद्राचे नाव 2005 साली राजा रामण्णा यांच्या नावाने बदलले, तरी आपण इंदूरकर त्याला 'कॅट'च म्हणतो. इथे बसलेल्या मुलांपैकी कितींनी ती यंत्रे पाहिली आहेत? वाइल अर्धधातूंचा भाग मी वेळेअभावी सोडून देतो; हर्मान वाइल यांनी 1929 साली मांडलेले कण 2015 साली टँटलम आर्सेनाइडच्या स्फटिकात दिसले, एवढी नोंद पुरे. 2019 साली संगणकाने ज्ञात स्फटिकांची याच दृष्टीने छाननी केली, तेव्हा पाव भागाहून अधिक पदार्थ या ना त्या प्रकारे टोपॉलॉजिकल निघाले. दुर्मीळ म्हणून ज्याचे कौतुक चालले होते ते पायाखालीच होते.

आणि हॉलच्या लोखंडाचे काय झाले? 2013 साली बीजिंगच्या त्सिंगह्वा विद्यापीठातील श्वे छीखुन यांच्या गटाने बिस्मथ-अँटिमनी टेल्युराइडच्या पातळ थरात थोडे क्रोमियम मिसळून तो चुंबकी केला. तापमान निरपेक्ष शून्याच्या वर केवळ 30 सहस्रांश केल्विन. बाहेरचे चुंबकी क्षेत्र पूर्ण काढून घेतले, आणि हॉल रोध 25,812 ओहमच्या पायरीवर उभा राहिला. हॉल्डेन यांचा कागदावरचा स्फटिक वेगळ्या रूपात मिळाला, आणि 1881 च्या त्या अनाकलनीय आकड्याचे हे पूर्णांकी रूप होते. थाउलेस, हॉल्डेन आणि कॉस्टरलिट्झ यांना 2016 साली नोबेल मिळाले.

आता चुंबकी बाजू. प्रत्येकाच्या डोक्यावर केसांचा भोवरा असतो. न्हावी तो विंचरून इकडून तिकडे सारू शकतो. नाहीसा करू शकत नाही. काही स्फटिकांत अणूंच्या सूक्ष्म चुंबकांची रचना अशीच भोवऱ्यासारखी होते. मध्यभागी चुंबक खाली तोंड करून, कडेला वर, आणि मध्ये क्रमाक्रमाने वळत गेलेले. असा एक भोवरा दिशांच्या संपूर्ण गोलाला एकदा गवसणी घालतो, अर्धी नाही, दीड नाही. टोनी स्कर्म या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1960 नंतरच्या काळात अणुकेंद्रातील कणांसाठी अशी कल्पना मांडली होती. त्यावरून याला स्कर्मिऑन म्हणतात. 2009 साली म्यूनिकजवळच्या अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या साहाय्याने मँगनीज सिलिसाइडमध्ये या भोवऱ्यांची षट्कोनी जाळी दिसली, सुमारे 29 केल्विनच्या लगत खाली. पुढच्या वर्षी जपानमध्ये टोकुरा यांच्या गटाने एका सजातीय स्फटिकात सूक्ष्मदर्शकाखाली एकेक भोवरा पाहिला. अगदी क्षीण प्रवाहाने हे भोवरे सरकतात, म्हणून माहिती साठवण्यासाठी त्यांचा उपयोग व्हावा अशी आशा आहे. ती अजून प्रयोगशाळेबाहेर पडलेली नाही.

भोवऱ्यांवरून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनाचा स्पिन आपल्या भाल्यासारखा वळत जातो, आणि परिणाम असा होतो की जणू आणखी एक चुंबकी क्षेत्र तिथे आहे. मग हॉलच्या आलेखात, विशिष्ट तापमानाला व विशिष्ट क्षेत्राला, एक छोटासा उंचवटा येतो. 2009 साली तोही मोजला गेला.

तो आलेख प्रथम पाहिला तेव्हा मी निवृत्तीला आलो होतो, आणि तो पाहून मी अस्वस्थ झालो. 1970 नंतरच्या दशकात माझ्या प्रबंधाचे काम मँगनीज असलेल्या एका मिश्रधातूच्या हॉल परिणामावर होते. एका रात्री एका तापमानाला मधल्या क्षेत्राची चारपाच वाचने रेषेच्या वर उचलली गेली. क्षेत्र उलटवून पाहिले, तरी तसेच. माझ्या मनाने घेतले की संपर्काची तार सैल झाली आहे. पहाट झाली होती, नायट्रोजन संपत आला होता. मी ते पान वहीतून काढले, दुसऱ्या दिवशी शेजारच्या तापमानाला सुबक सरळ रेषा मिळाली, आणि प्रबंधात तीच गेली. मला कोणी तसे करायला सांगितले नव्हते.

मी काही मोठा शोध हातचा घालवला असे सांगण्याचा माझा मुळीच विचार नाही. बहुधा ती तार खरोखरच सैल असेल. खंत निराळी आहे. तार सैल होती की नव्हती हे आज कोणालाच, मलाही, सांगता येणार नाही. कारण एका आडव्या रेघेऐवजी मी पान फाडले. आणि मी सरांचा विद्यार्थी होतो.

हा दोष म्हाताऱ्या प्राध्यापकाच्या जुन्या काळापुरता आहे असे तरुणांनी समजू नये. 2018 साली 'नेचर'मध्ये एक गाजलेला लेख आला. अर्धसंवाहकाच्या अतिसूक्ष्म तारेत, टोपॉलॉजीवर आधारलेल्या संगणकाला उपयोगी पडेल अशा मायोराना अवस्थेचा पुरावा म्हणून, नेमका अपेक्षित पूर्णांकी पल्ला मिळाल्याचे त्यात म्हटले होते. 2021 मध्ये लेखकांनीच तो मागे घेतला. पूर्वी न दाखवलेली मापने धरून आलेख पूर्ण पल्ल्यात पुन्हा काढला, तेव्हा तो दावा उभा राहिला नाही. यंत्रे उत्तम होती, माणसे हुशार होती. पुस्तकात काय यायला हवे हे त्यांना आधीच ठाऊक होते, एवढेच.

आयोजकांनी मानधनाचे पाकीट दिले, ते मी परत केले आहे. त्याऐवजी शाळेच्या प्रयोगशाळेसाठी एक संच आणला आहे. जर्मेनियमची एक छोटी पट्टी, विद्युत् चुंबक, प्रवाह देणारा पुरवठा आणि मिलिव्होल्ट मोजणारा मापक. अकरावी-बारावीच्या मुलांना त्यावर हॉल परिणाम सहज मोजता येईल. पट्टी नाजूक आहे, संपर्क तपासून मगच प्रवाह सोडावा; क्षेत्र दोन्ही दिशांना फिरवून वाचने घ्यावीत. सोबत दोनशे पानांची वही ठेवली आहे. ती शिवणीची आहे आणि पानांवर क्रमांक घातलेले आहेत. पहिल्या पानावर काल संध्याकाळी इथेच येऊन घेतलेली माझी वाचने आहेत. त्यांतले सातवे वाचन रेषेवर बसत नाही.